टाळी आणि क्षमा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोहमार्गाच्या आश्रयाने वसलेल्या नाट्यप्रेमी कुटुंबांस चार नाट्यगृहे घरच्या ओसरीइतकी परिचित आहेत. ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी, १९७८ साली उघडलेले, राम गणेश गडकरी रंगायतन आहे. त्याच शहरात हिरानंदानी मेडोज भागात डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर, आणि डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर. सुटीच्या दिवशी सहकुटुंब नाटकास जाणारी मंडळी तिकिटांच्या व मध्यंतरातील बटाटेवड्यांच्या गडबडीत दारावरील नावाकडे फारसे लक्ष देत नाहीत. परंतु ही चार नावे एका ओळीने मांडून पाहिली, म्हणजे आजकाल घरोघरी ज्या प्रश्नावर वाद होतो त्याची चार निरनिराळी अंगे त्यांत दिसू लागतात. तो प्रश्न असा : ज्याच्या कलेने आपणांस आनंद दिला त्याच्या हातून पूर्वी काही गैर घडले असेल, तर रसिकांनी त्यास क्षमा करावी की करू नये?

एकत्र कुटुंबात हा वाद विशेष रंगतो. वडील मंडळींचे म्हणणे बहुधा असे असते, की आपण गाणे ऐकावे, नाटक पाहावे. गाणाऱ्याच्या माजघरात डोकावू नये. घरातील लेकीसुनांस व महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांस हे पटत नाही. ज्याने कोणाचे आयुष्य नासविले त्याच्या खेळास आम्ही आमचे पैसे का द्यावेत, असे ती विचारतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता गृहीत धरून चालतात. ती ही, की क्षमा करणे अगर नाकारणे हे रसिकांच्याच हाती आहे. आम्हांस प्रथम हे गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते.

डॉ. घाणेकरांचेच उदाहरण घेऊ. दंतवैद्यकाचा व्यवसाय असलेला हा नट १९६२ साली वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात संभाजीराजांच्या भूमिकेत उभा राहिला, आणि मराठी प्रेक्षक त्याच्यासाठी अक्षरशः वेडा झाला. पुढे 'अश्रूंची झाली फुले' मधील लाल्याने त्या वेडावर कळस चढविला. जाहिरातीत सर्व नटांची नावे झाल्यावर अखेरीस 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असे छापण्याची प्रथा पडली, यातच सारे आले. परंतु याच नटाची मद्यासक्ती, त्याचा लहरी स्वभाव, त्यामुळे प्रयोगांची झालेली ओढाताण आणि दुरावलेले निर्माते, याही गोष्टी काही लपून राहिलेल्या नाहीत. प्रथम पत्नीशी झालेली ताटातूट, आणि त्यांच्याहून वयाने बऱ्याच लहान असलेल्या कांचन यांच्याशी जडलेले प्रेम व पुढे झालेला विवाह, यांची हकीकत स्वतः कांचनताईंनी 'नाथ हा माझा' या आत्मकथनात सांगितली आहे. डॉक्टर २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावती येथे निवर्तले. २०१८ साली त्यांच्या जीवनावर बोलपट निघाला, तेव्हा त्यांचे एकही नाटक न पाहिलेल्या पिढीनेही त्यास गर्दी केली.

आता यांत क्षमेचा प्रश्न कोठे कोठे येतो ते पाहा. तिकिटाचे दाम मोजून बसलेल्या प्रेक्षकास ताटकळत ठेवणे, किंवा ज्या तयारीने रंगभूमीवर यावयास हवे त्या तयारीने न येणे, हा अपराध प्रेक्षकाचा होय. तो प्रेक्षकाने पोटात घातला, पडदा उघडताच सर्व विसरून शिट्ट्यांनी नाट्यगृह दणाणून सोडले, तर तो सर्वस्वी त्याच्या अधिकारातला औदार्याचा भाग झाला. पुढच्या खेपेस तिकीट काढले नाही, तर तोही त्याचाच अधिकार. निर्मात्याचे झालेले नुकसान ही निर्मात्याची बाब. परंतु घरी जी वाट पाहात बसली तिने जे सोसले त्याबद्दल क्षमा करण्यास तिसऱ्या रांगेत बसलेले आपण कोण? एकीने ते सोसून त्यावर पुस्तक लिहिले व आपल्या प्रेमाची साक्ष दिली. तो तिचा हक्क. दुसरीने मौन पाळले असेल, तर तोही तिचाच हक्क. त्या मौनाचा अर्थ 'सर्व काही मिटले' असा लावण्याची मुखत्यारी आपणांस कोणी दिलेली नाही.

आमच्या मते या प्रश्नाची गुरुकिल्ली येथेच आहे. क्षमा ही ज्याचा अपराध झाला त्याच्या मालकीची वस्तू आहे. दुसऱ्याच्या तिजोरीतून दान करणाऱ्यास आपण दानशूर म्हणत नाही. मग दुसऱ्याच्या दुःखातून क्षमा वाटणाऱ्या रसिकास उदार का म्हणावे? आणि आपण केवळ टाळी वाजविली एवढ्याने आपण क्षमा केली असेही होत नाही. टाळी त्या क्षणी रंगभूमीवर जे घडले त्यास असते. ती नटाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की पत्नीने पतीचे सर्व अपराध पोटात घालणे हा तर आपल्याकडील आदर्श! हा आदर्श ज्या नाटकाने घरोघर नेला त्याचे कर्ते गडकरीच होत. 'एकच प्याला' मधील सिंधू मद्यपी पतीच्या पायी सर्वस्व गमावते, मूल गमावते, तरी त्याच्यावर दोष येऊ देत नाही. शंभरांहून अधिक वर्षे प्रेक्षक तिच्यासाठी रडत आले आहेत. परंतु गडकऱ्यांनी ती शोकांतिका लिहिली, हे आपण विसरतो. सिंधूच्या सोशिकतेने सुधाकर सुधारत नाही. घर मात्र बुडते. आपण अश्रू ढाळून उठलो, आणि जाताना सिंधूचे कौतुक एवढे केले, की क्षमा करणे हे तिचे कर्तव्यच ठरून गेले. जी क्षमा न मागता, न पश्चात्ताप करता मिळावी अशी अपेक्षा धरली जाते, ती क्षमा न राहता दुसऱ्याच्या सोयीची व्यवस्था होते.

गडकऱ्यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्यावरील आरोपाकडेही वळू. त्यांचे 'राजसंन्यास' हे नाटक अपुरे राहिले. १९१९ च्या जानेवारीत, वयाची चौतिशीही पुरी होण्याआधी, ते वारले. त्या नाटकातील छत्रपती संभाजीमहाराजांचे चित्रण अवमानकारक आहे, असा आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा अर्धपुतळा रात्री उखडण्यात आला व मुठेच्या पात्रात टाकण्यात आला. लगेच दोन तट पडले. एका तटास गडकऱ्यांच्या लेखणीत कसलाच दोष दिसेना. दुसऱ्यास दोषावाचून काही दिसेना.

येथे शांतपणे पाहिले तर असे दिसते, की गडकऱ्यांच्या काळी संभाजीमहाराजांविषयी जी समजूत प्रचलित होती ती एकांगी होती. बखरींतील वैराने रंगविलेले चित्र पुढे नाटककारांनी व कादंबरीकारांनी अधिकच गडद केले. ते पुसण्याचे काम संशोधकांनी केले. वा. सी. बेंद्रे यांनी जवळजवळ सारे आयुष्य कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजीमहाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ १९७१ साली आला. या दोघांनी कोणाचा पुतळा फोडला नाही, आणि कोणाची चूक 'जुनी आहे, जाऊ द्या' म्हणून जाऊही दिली नाही. चूक जेथे होती तेथे पुराव्याने दुरुस्त केली. मृत ग्रंथकारास आपण शिक्षा करू शकत नाही व क्षमा केल्याचे त्यास कळवूही शकत नाही. त्याच्या लिखाणातील चूक दाखविणे, आणि त्यातले जे उत्तम ते जतन करणे, एवढेच आपल्या हाती उरते. आणि तेवढे पुष्कळ आहे. ज्या ठाण्यात गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन आहे, त्याच ठाण्यात संभाजीराजांच्या भूमिकेने अमर झालेल्या नटाच्या नावाचेही नाट्यगृह आहे. नगराने दोघांसही जागा दिली, यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

कल्याणच्या रंगमंदिरास ज्यांचे नाव आहे त्या आचार्य अत्र्यांची गोष्ट आणखी निराळी. 'श्यामची आई' सारखा हृदय हेलावणारा बोलपट काढणारा हा पुरुष, लेखणी उपसली म्हणजे प्रतिपक्षाची गय करीत नसे. 'झेंडूची फुले' मधील विडंबनांनी त्यांनी कवींस घायाळ केले, तो विनोद होता. पण १९५६ साली 'मराठा' दैनिक सुरू झाल्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या धामधुमीत व तद्नंतर त्यांनी विरोधकांवर जी आग पाखडली, तीत कित्येकदा मर्यादा सुटली, हे त्यांचे चाहतेही नाकारीत नाहीत. हा अपराध कोणाचा? ज्यांच्या जिव्हारी ते शब्द लागले त्यांचा, हे उघड आहे. परंतु महाराष्ट्रातील सहस्रावधी वाचक सकाळी चहाबरोबर ते अग्रलेख मिटक्या मारीत वाचत होते, सभांतून त्या वाग्बाणांवर हास्याचे कल्लोळ उठवीत होते. अशा ठिकाणी रसिक हा न्यायाधीश राहात नाही. तो भागीदार असतो. ज्या शिवीवर आपण पोट धरून हसलो, तिच्याबद्दल पन्नास वर्षांनी 'आम्ही त्यांस क्षमा केली' असे म्हणणे हे काहीसे हास्यास्पदच नव्हे काय? स्वतः अत्र्यांनी मात्र एक थोर गोष्ट करून दाखविली. ज्या पंडित नेहरूंवर त्यांनी वर्षानुवर्षे टीकास्त्र धरले, ते १९६४ च्या मे महिन्यात निवर्तल्यावर त्यांनी त्यांच्यावर जे लेख लिहिले, ते पुढे 'सूर्यास्त' या नावाने पुस्तकरूपाने आले. टीका मागे न घेताही माणसाचे मोठेपण मान्य करता येते, याचा तो धडा आहे.

येथवर आम्ही दिवंगतांविषयी बोललो. हयात व्यक्तींचा प्रश्न याहून अवघड, कारण आपली टाळी व आपला पैसा त्यांच्या हाती सत्ता देतो. मुंबईच्या १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात अभिनेते संजय दत्त यांस कटाच्या आरोपातून मुक्त करण्यात आले, परंतु बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल २००७ साली शिक्षा झाली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. ती भोगून ते फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्याच्या कारागृहातून बाहेर पडले. ज्याने कायद्याने दिलेली शिक्षा पुरी केली त्यास पुनः काम करून पोट भरण्याचा हक्क आहे. त्याचा बोलपट पाहणाऱ्या कुटुंबास कोणी बोल लावू नये. पण २०१८ साली त्यांच्या जीवनावरील बोलपट प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ दोष हळूच बाजूस सरकवून वृत्तपत्रांसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, अशी टीका अनेकांनी केली. ठाणेकरांस आणखी एक गोष्ट आठवत असेल. रोख्यांच्या गैरव्यवहारात गाजलेले दलाल हर्षद मेहता १९९९ साली एका खटल्यात दोषी ठरले होते. ठाण्याच्या कारागृहात असतानाच ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्याच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. २०२० साली त्यांच्यावरील मालिका आली, आणि पुष्कळ तरुणांस त्यांत एक धाडसी नायकच काय तो दिसला. क्षमेत अपराधास अपराध म्हटलेले असते. जेथे गोष्ट रंगविता रंगविता अपराधच नाहीसा होतो, तेथे क्षमा झालेली नसून विसर पडलेला असतो; आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या बाजूने त्या विसरास संमती नसते.

याहून नाजूक बाब म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे आरोप. २०१८ च्या शरद ऋतूत चित्रपट, वृत्तपत्रे, संगीत इत्यादी क्षेत्रांतील अनेक स्त्रियांनी आपणांस भोगावा लागलेला छळ उघडपणे सांगितला. त्या वेळी पुष्कळ घरांतून दोन प्रकारची घाई दिसली. कोणी आरोप ऐकताच तो सिद्ध झाला असे मानले. कोणी 'एवढा गुणी माणूस असे करणे शक्यच नाही' असा निवाडा देऊन टाकला. दोन्ही घाया सारख्याच चुकीच्या. चांगला गळा अथवा चांगला अभिनय हा निरपराधित्वाचा पुरावा नव्हे. तसाच नुसता आरोप हा अपराधाचाही पुरावा नव्हे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला आहे. दहा वा अधिक माणसे काम करीत असतील तेथे मालकाने तक्रारीची अंतर्गत समिती नेमली पाहिजे, आणि त्याहून लहान संस्थांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. नाटक कंपनी हेही कामाचेच ठिकाण होय. आपल्या नाट्यसंस्थेत, हौशी मंडळात, मुलीच्या गायनवर्गात अशी तक्रार कोणाकडे करावयाची हे ठाऊक आहे काय, एवढे जरी सुजाण पालकांनी विचारले, तरी दिवाणखान्यातील दहा वादांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आणखी एक गोष्ट वाचकभगिनींस सांगावयास नको, पण बंधूंस सांगितली पाहिजे. आपले औदार्य फार पंक्तिप्रपंच करते. नटाचे मद्यपान ही 'कलंदर वृत्ती' ठरते आणि नटीचे मद्यपान 'अधःपात'. हंसा वाडकर यांचा 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा बोलपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पण त्यांच्या खाजगी जीवनाविषयी समाजाने कधी हात राखून बोलले नाही. त्याच नावाने त्यांनी आत्मकथन सांगितले. ते वाचले म्हणजे असे दिसते, की ज्याबद्दल त्यांस दोष दिला गेला त्यापैकी पुष्कळसे त्यांच्यावर लादले गेले होते, आणि उरलेले त्यांनी स्वतःच कोणताही आडपडदा न ठेवता कबूल केले. श्याम बेनेगल यांनी १९७७ साली त्यावर 'भूमिका' हा चित्रपट काढला, तोवर त्या हे जग सोडून गेल्या होत्या. ज्या मापाने आपण डॉक्टर घाणेकरांस मोजतो त्याच मापाने हंसाबाईंस मोजावयाची आपली तयारी नसेल, तर आपल्या क्षमेस आणि आपल्या रागासही फारशी किंमत नाही.

मग सामान्य कुटुंबाने व्यवहारात करावे तरी काय? आम्हांस तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला : अपराध कोणाचा झाला? आपला झाला असेल तर मोकळ्या मनाने क्षमा करावी अथवा करू नये. दुसऱ्याचा असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकावे. दुसरा : अपराध करणाराने तो कबूल केला आहे काय, निदान तो लपविण्यासाठी आपली कीर्ती वापरली नाही ना? तिसरा : आपल्या पैशाने व टाळीने त्याच्या हाती पुनः तसेच करण्याचे बळ तर जात नाही ना? मृत नाटककाराचे नाटक पाहताना हा तिसरा प्रश्न उद्भवत नाही. हयात गुरूकडे मुलीस शिकावयास पाठविताना तोच सर्वांत मोठा असतो. या प्रश्नांची उत्तरे घरात सर्वांची एकच येतील असे नाही. आजोबा नाटकास गेले आणि नात घरी राहिली, तर त्यात घराची मोडतोड होत नाही. मात्र नातीस 'फार शिकली म्हणून' हिणवू नये आणि आजोबांस 'पापाचे साथीदार' म्हणू नये.

राहिले डोंबिवलीचे नाव. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तेथे शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण व चिखल फेकला. त्या फेकणाऱ्यांत आपल्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतील माणसे होती, आणि धर्मरक्षण केल्याच्या समाधानात ती घरी जाऊन जेवलीही असतील. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई वारल्या. त्यांची क्षमा मागावयास त्या वेळी कोणी गेले नाही. इतर तीन नाट्यगृहांच्या दारात आपण कलावंतास क्षमा करावी की नाही याचा विचार करतो. या चौथ्या दारात प्रश्न उलट फिरतो. येथे अपराध समाजाचा आहे, आणि क्षमा करणारी हयात नाही. दारावर नाव लिहिल्याने तो फिटला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या दारातून आज आपल्या मुली नाटक पाहावयास व नाटक करावयासही बिनदिक्कत जातात. ज्याची क्षमा मिळणे शक्य नाही त्या अपराधाची भरपाई आचरणानेच करावी लागते. जे आपण कलावंतांकडून अपेक्षितो ते आपणही करीत राहावे, एवढीच आमच्या वाचकांस विनंती आहे.